बासष्टावा डबा

ब्रशमावशीनं एका मंत्र्याला अनवाणी जंगलात पाठवलं, असं गावात सांगतात. सांगणारा जितका लांब राहणारा, तितके मंत्र्याच्या पायात काटे जास्त. बसथांब्याशेजारच्या न्हाव्याच्या दुकानात तर मंत्री रडत परत येतो आणि मावशी त्याला विचारते, आता कळलं का जंगल म्हणजे काय?

खरं असं, की तो मंत्री नव्हता, मंत्र्याचा मेहुणा होता. अनवाणीही नव्हता. त्याच्या बुटांच्या तळव्यात इतकं बी अडकलेलं होतं की ते उकरता उकरता दुपार झाली असती. म्हणून मावशीनं बूट ठेवून घेतले आणि बदल्यात त्याला खोपटातले गमबूट दिले. ते दोन्ही डाव्या पायाचे निघाले हा योगायोग. योगायोगच होता असं मावशी म्हणते, आणि म्हणताना खिडकीबाहेर बघते.

तिची ही खूण लक्षात ठेवावी. पुढे कामाला येईल. मावशीला खोटं बोलता येतं, पण समोरच्याकडे बघून बोलता येत नाही.

मावशीचं काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं. डोंगराच्या वरच्या अंगाला एक जंगल आहे. तिथे ढग येतात-जातात असं नाही, मुक्कामालाच असतात. झाडांच्या बुंध्यांवर, फांद्यांवर, अगदी दिशा दाखवणाऱ्या पाटीवरसुद्धा शेवाळ. पाऊस नसला तरी पानं ठिबकत असतात. त्यातून फळ्याफळ्यांची तीन किलोमीटर वाट जाते. पाटीवर तिचं नाव ‘शांत वाट’. या वाटेच्या खालच्या फाटकाशी लाकडी खोपट, त्यात एक लांब बाक, पाण्याची पन्हळ, तीन जातींचे ब्रश, दातांचा एक जुना ब्रश आणि विणायची एक मोडकी सुई. आत जाणाऱ्या प्रत्येकानं बाकावर बसायचं आणि बुटांचे तळवे वर करायचे.

“पाय वर. आता दुसरा. हा नाही, दुसरा दुसरा.”

हे वाक्य मावशी दिवसाकाठी दोनशे वेळा म्हणते. तिची एक भाची आहे, तिला ते वाक्य मावशीच्या आवाजात, नाकातल्या सर्दीसकट म्हणता येतं. हे सगळं लिहितेय ती हीच भाची, पण तिचं सोडा.

कारण साधं आहे. जंगलात शेवाळ आहे, नेचे आहेत, फांद्यांवर बसलेली फुलं आहेत, पण खालचं गवत नाही. खालच्या गवताचं एक बी वाटेकडेच्या उजेडात रुजलं की ते हातपाय पसरतं आणि शेवाळाला हुसकून लावतं. बी चालत येत नाही, लोकांच्या बुटातून येतं. मावशी एकोणीस वर्षं त्याला फाटकाशी अडवून धरतेय.

अडवलेलं बी इतर कुणी असतं तर जाळून टाकलं असतं. मावशी ते पेरते. खोपटामागे काचेची एक बंदिस्त खोली आहे, तिच्या फळ्यांवर डबे आहेत: बिस्किटांचे, दुधाच्या पावडरीचे, रंगाचे. प्रत्येक डब्यात कुणाच्या तरी बुटातून निघालेलं झाड, आणि डब्यावर चिकटपट्टीची चिठ्ठी. ‘बँकेतला, तपकिरी बूट.’ ‘शाळेची सहल, मागून तिसरी.’ ‘नवं जोडपं, ती.’ आणि त्याच्या शेजारी ‘नवं जोडपं, तो (बूट धुतलेत म्हणाला, खोटं बोलला).’ असे साठ डबे. एकदा आलेला माणूस परत आला की मावशी त्याला बाकावर बसवायच्या आधी विचारते, तुमचं आता गुडघ्याएवढं झालंय, भेटणार का? बँकेतला तर दर वर्षी खास भेटायला येतो. आपल्या गवताशी तो हलक्या आवाजात बोलतो असं तिकीटवाल्याचं म्हणणं आहे. काय बोलतो ते भाचीला आवाजासकट करून दाखवता येतं, पण ते तिनं रचलेलं आहे.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना नवे साहेब आले.

साहेब वाईट नव्हते. फक्त त्यांचं प्रत्येक वाक्य ‘एकंदरीत’नं सुरू व्हायचं आणि ‘असो’नं संपायचं, आणि मधे काय होतं ते कुणाच्या लक्षात राहायचं नाही. आल्या आल्या ते शांत वाटेवर फिरायला गेले तेव्हा मावशीनं त्यांचेही पाय वर करायला लावले, आणि वर विजारीच्या दुमडीत सुई घालून सहा बिया काढल्या. त्यातलं एक काटेरी झुडूप डब्यात असं फोफावलं की त्याला रंगाचा मोठा डबा द्यावा लागला. ‘मोठे साहेब, डावी विजार, दुमड.’ डबा पहिल्या रांगेत, अगदी मधोमध. साहेबांनी तो पाहिला, ‘असो’ म्हणाले आणि गेले.

महिन्याभरानं त्यांनी मावशीला बोलावून घेतलं. एकंदरीत फाटकाशी रांग फार लागते, लोकांच्या तक्रारी आहेत, तेव्हा तिथे एक खरखरीत मॅट टाकावी, लोक तिच्यावरून चालत जातील, दोन सेकंदांचं काम. मावशीनं विचारलं, आणि मी? मावशीसाठी खालच्या कार्यालयात जागा होती, जुन्या फायलींच्या खोलीत. त्या खोलीला खिडकी नाही. तिथे ढग सोडाच, वारासुद्धा अर्ज करून येतो. मावशी उठून फाटकाशी परत गेली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, की त्या माणसाला जंगलाच्या दारात पायपुसणं टाकायचंय.

तरी ते लांबणीवर पडलं असतं. पण मंगळवारी, म्हणजे वाट बंद असते आणि मावशी एकटी सगळी वाट तपासून येते त्या दिवशी, दुसऱ्या वळणावर तिला गवत दिसलं. बसायच्या ओंडक्याला लागून, हातरुमालाएवढ्या जागेत, हिरवंगार. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. दुसरी एखादी असती तर तिनं ते उपटून खिशात घातलं असतं. मावशीनं एक रोप मुळासकट काढून डब्यात लावलं आणि फाटकाच्या वहीत नीट नोंद केली.

साहेबांनी नोंद वाचली. “एकंदरीत, बाई, तुमच्या ब्रशातूनही सुटतंच की,” ते म्हणाले. वरच्या कार्यालयातून तीन आठवड्यांनी तपासनीस बाई येणार होत्या. तोवर हे कुणी आणलं ते शोधा, नाहीतर मॅट. असो.

झालं. मावशीची जागा त्या एका डब्यावर येऊन ठेपली. एकसष्ट डब्यांशी तिनं रोप ताडून पाहिलं, एकाशीही जुळेना. कोवळं गवत सगळं सारखंच दिसतं. तुरा आल्याशिवाय ओळख पटणार नव्हती. बासष्टाव्या डब्यावर मावशीनं कोरी पट्टी चिकटवली आणि वाट बघत बसली.

भाची सुट्टीला आलेली होती, आणि तिचं मत पक्कं होतं. साहेब. दर रविवारी पाहुणे घेऊन वर जातात, दर वेळी नवी विजार, आणि घाईत असले की एकच पाय वर करतात. “या पट्टीवर साहेबांचंच नाव येणार,” भाची म्हणाली.

“नाही येणार.”

“पैज?”

पैजेला मावशी कधी नाही म्हणत नाही. भाची जिंकली तर मावशीनं आठवडाभर येणाऱ्या प्रत्येकाला ‘एकंदरीत पाय वर, असो’ असं म्हणायचं. मावशी जिंकली तर भाचीनं शांत वाट या फाटकापासून त्या फाटकापर्यंत एकही आवाज न काढता चालायची. बोलायचं नाही, नक्कल नाही, खाकरणंसुद्धा नाही. भाचीला वाटलं, ही पैज जवळजवळ खिशात आहे.

चौकशी सुरू झाली. मावशी ब्रश फिरवता फिरवता एकेकाला विचारायची, दुसऱ्या वळणावर बसला होता का, काय काय सोबत होतं, खाली काय टेकवलं. भाची संध्याकाळी सगळ्यांच्या जबान्या त्या त्या आवाजात परत म्हणून दाखवायची. नेमानं तिथे बसणारा माणूस एकच होता: पोस्टमनकाका.

पोस्टमनकाका निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण पाय ऐकत नाहीत. चौतीस वर्षं चालले, आता घरात बसवत नाही. म्हणून रोज सकाळी शांत वाट चढतात, दुसऱ्या वळणावर ओंडक्यावर बसतात, एक संत्रं खातात, सालं खिशात घालतात आणि उतरतात. ओंडका बारमाही ओला. काका खाली यायचे तेव्हा विजारीवर मागे ओला गोल असायचा आणि तिकीटवाला रोज विचारायचा, काका, आज शिक्का बसला वाटतं?

मग दोन महिन्यांपूर्वी ओंडक्यावर अचानक एक गादी आली. खाली रेक्झिन, वर हिरव्या लोकरीचं विणलेलं आवरण, काका बसले की बरोबर काकांएवढी. कुणी ठेवली, कुणाला ठाऊक नाही. काकांना वाटलं, सरकारनं. त्यांनी कार्यालयाला आभाराचं पत्र लिहिलं, तिकीट लावून पेटीत टाकलं, आणि ती पेटी कार्यालयाच्याच भिंतीवर होती. साहेबांनी पत्र फलकावर लावलं आणि वर मथळा दिला, ‘अभ्यागतांसाठी नव्या सोयी’. आयत्या बिळावर नागोबा.

गादी कुणी ठेवली असेल, असं भाचीनं विचारलं तेव्हा मावशी म्हणाली, सरकारनंच ठेवली असेल, दुसरं कोण ठेवणार. आणि खिडकीबाहेर बघितलं. भाची त्या वेळी तिकीटवाल्याच्या शिंकेचा सराव करत होती. तिच्या ते लक्षात आलं नाही. तेवढं लक्षात आलं असतं तर पैज तिथेच मागे घेता आली असती.

तपासनीस बाई सोमवारी यायच्या होत्या. शनिवारी डब्यातल्या रोपाला तुरा आला, जांभळट, लांब कुसळांचा. रविवारी दुपारी मावशी घरामागे वाळत घातलेले कपडे काढायला गेली. तिचं घर खाली, डोंगराच्या पायथ्याशी. मागे कुंपण आणि कुंपणापलीकडे पडीक जागा. मावशी मोठे कपडे दोरीवर घालते, लोकरीचे कुंपणावर पसरते, लोकर लोंबून वाढू नये म्हणून. तिनं हिरवा मोजा उचलला आणि तो तिच्या बोटाला टोचला. मोज्याच्या विणीत चार कुसळं होती, जांभळट. तिनं मान वर केली. कुंपणापलीकडे गुडघाभर गवत डुलत होतं, त्याच तुऱ्यांचं. एरवी शेजाऱ्याच्या शेळ्या ते तुरा यायच्या आत संपवतात, पण यंदा शेळ्या विकल्या होत्या.

मोजे ज्या लोकरीचे होते, त्याच लोकरीची गादी होती.

अर्थात मावशीनंच विणली होती. गादीचं आवरण धुऊन याच कुंपणावर वाळत घातलं होतं, मग पिशवीत घालून, स्वतःच्याच फाटकातून, स्वतःच्याच ब्रशांसमोरून वर नेलं होतं. स्वतःचे बूट त्या दिवशी तिनं दोनदा घासले होते. पिशवीत कोण बघतो? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आणि तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण एकट्या बाईनं एकट्या पोस्टमनसाठी गादी विणली हे कळलं असतं तर गावानं त्या दोघांच्या पत्रिका छापून आणल्या असत्या.

मावशी स्वयंपाकघरात येऊन बसली. समोर डबा, शेजारी मोजा. खरं सांगितलं तर फायलींची खोली. साहेबांनी म्हटलंच असतं, ब्रशवाल्या बाईच गवत घेऊन आल्या. न सांगितलं तर आणखी सोपं होतं, कारण गादी कागदोपत्री साहेबांची झालेली होती. फलकावर पत्र होतं. मावशीनं फक्त गादीकडे बोट दाखवायचं आणि गप्प राहायचं. मॅटही गेली असती आणि साहेबही तोंडावर पडले असते. तिनं मोजा चुलीत टाकायला चुलीवरचं पातेलं उचललंसुद्धा. मग तिला त्या नव्या जोडप्यातला तो आठवला. ‘खोटं बोलला’ हे तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, मोठ्या अक्षरात, आणि तीन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं होतं. तिनं पातेलं परत ठेवलं.

सोमवारी तपासनीस बाई आल्या. बारीकशा, मितभाषी. बाकावर बसून त्यांनी न सांगता पाय वर केला, मग दुसरा, तोही बरोबर दुसरा. मावशीला त्या आवडल्या. मावशीनं आज त्यांची पिशवीही उलटी करून झटकली, साहेबांची फाइल झटकली, तिकीटवाल्याची टोपी झटकली. भाचीचे खिसे बाहेर काढले. स्वतःची पिशवी तर तिनं तपासनीस बाईंच्या हातात दिली, बघा म्हणून. आत फक्त डबा, तुऱ्यावर फडकं घट्ट बांधलेलं. साहेब म्हणाले, एकंदरीत उशीर होतोय.

मग सगळे चढू लागले. सुरुवातीला साहेब बोलत होते. पहिल्या वळणापर्यंत ढगानं त्यांची वाक्यं अर्ध्यातच खाल्ली, आणि पुढे ते आपोआप गप्प झाले. त्या वाटेवर होतंच तसं. फळ्या ओल्या, पावलांचा आवाज येत नाही. दहा हातांवरचं झाड आधी सावली असतं, मग झाड होतं, मग मागे जाऊन परत सावली होतं. शेवाळातून थेंब ओघळतो तो खालच्या शेवाळात पडतो, त्याचाही आवाज नाही. कुठेतरी एक पक्षी एकच सूर लावतो आणि उत्तराची वाट बघत थांबतो. मावशी या वाटेवर कधी बोलत नाही. फाटकाशी दोनशे वेळा पाय वर म्हणणारी बाई आत आली की पाण्यासारखी होते. त्या दिवशी मात्र तिचं लक्ष वाटेत नव्हतं. पिशवीतला डबा प्रत्येक पायरीला तिच्या कमरेला लागत होता.

दुसऱ्या वळणावर पोस्टमनकाका गादीवर बसून संत्रं सोलत होते. सगळी वरात बघून उठले. तपासनीस बाई वाकल्या, गवत बघितलं, तुऱ्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, हे आलं कुठून?

शांतता साहेबांना सोसत नाही. त्यांनी गादीकडे हात केला. एकंदरीत अभ्यागतांच्या सोयीकडे आमचं पूर्ण लक्ष आहे, ही गादीच बघा, आमच्या कार्यालयातर्फे ठेवलेली आहे, असो.

मावशीनं डबा काढून ओंडक्यावर ठेवला, फडकं सोडलं. गादी उलटी केली, मोडकी सुई हिरव्या विणीत घातली आणि एक, दोन, तीन कुसळं काढून तपासनीस बाईंच्या तळहातावर ठेवली. बाईंनी कुसळं बघितली, डब्यातला तुरा बघितला, आणि मग साहेबांकडे बघितलं. भाचीनं मनातल्या मनात ‘एकंदरीत पाय वर, असो’ मावशीच्या आवाजात म्हणून पाहिलं. झकास जमत होतं.

मावशीनं पेन काढलं. “साहेब, डब्यावर नाव घालायचंय. गादी तुमची म्हणता, मग तुमचं घालू?”

साहेबांच्या चेहऱ्यावर एकंदरीत आलं आणि तिथेच अडकलं. “म्हणजे, ठेवली असं नाही,” ते म्हणाले. “ठेवलेली होती. आम्ही राहू दिली.”

“मग कुणाची?” तपासनीस बाईंनी विचारलं.

इथे मावशीला एक खिडकी असती तर फार बरं झालं असतं. चारी बाजूंना नुसता ढग. ती तपासनीस बाईंकडे बघून म्हणाली, “माझी. मी विणली, माझ्या कुंपणावर वाळवली, मीच आणली. पोस्टमनकाकांचं बूड भिजत होतं.”

तिकीटवाल्यानं तोंडावर टोपी धरली. पोस्टमनकाकांच्या हातातलं अर्धं संत्रं तसंच राहिलं. मावशीनं ओंडक्यावर डबा टेकून पट्टीवर लिहिलं: ‘गेटवरची मावशी, हिरवी लोकर.’ दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ एकोणीस वर्षं सुईनं काढणारी बाई ती. स्वतःचं लिहिताना अक्षर जरा बारीक आलं, एवढंच.

साहेबांना एकदम वाक्य सापडलं. एकंदरीत यावरून ब्रशाचा उपयोग नाही हे सिद्धच होतं. तपासनीस बाईंनी मान हलवली. ब्रशानं हे पकडलं नाही, हे खरं. मग त्यांनी विचारलं, मॅटनं पकडलं असतं का? साहेब म्हणाले, मॅट पायांसाठी असते. मग पकडलं कशानं? साहेबांनी डब्याकडे बघितलं. बाईंनी मावशीला विचारलं, असे किती डबे आहेत, आणि सगळ्यांवर कुणाचं, कुठून आलेलं, कधीचं, हे लिहिलंय का?

खाली उतरल्यावर त्या दोन तास काचेच्या खोलीत होत्या. जाताना सांगून गेल्या, की ही खोली आणि ही बाई जागची हलवायची नाही, आणि डब्यांची यादी वरच्या कार्यालयाला पाठवायची. मॅट आता साहेबांच्या केबिनच्या दारात आहे. फाटकाशी बुटांबरोबर पिशव्यांचीही झडती सुरू झाली, त्यामुळे रांग आणखी लांबली. वळणावरचं गवत मावशीनं सुट्टीच्या दिवशी बसून मुळासकट काढलं आणि ओंडक्यावरची गादीही उचलली.

साहेब एकदा एकटे आले. पहिल्या रांगेतल्या त्या काटेरी डब्यावरची चिठ्ठी बदलता येईल का, असं त्यांनी जरा घुटमळत विचारलं. मावशी म्हणाली, चिठ्ठी नाही बदलणार, डबा हवा तर मागच्या रांगेत ठेवते. आता ठेवलाय. पहिल्या रांगेत मधोमध बासष्टावा आहे.

राहिली पैज.

भाचीनं बराच घोळ घालून पाहिला. साहेबांनी गादी आपली म्हटली होती, निदान मिनिटभर तरी पैज तिनं जिंकली होती, ते मिनिट धरा. मावशी म्हणाली, पट्टी वाच. मग एका ढगाळ सकाळी भाचीचे पाय वर झाले, दुसरा दुसराही झाला, खिसे उलटे झाले आणि ती तोंड मिटून आत शिरली.

पहिलं वळण गेलं. पक्ष्यानं एकच सूर लावला आणि उत्तराची वाट बघत थांबला. भाचीच्या घशात तो सूर तयार होता, तिनं गिळला. थेंब मानेवर पडला, तीही ओरड गिळली. अर्ध्या तासानं तिला अशा गोष्टी ऐकू यायला लागल्या की ज्यांची नक्कल कशी करायची तेच कळेना. ती जरा दबकून चालायला लागली.

दुसऱ्या वळणाच्या अलीकडे ढगातून बोलणं आलं. ओंडक्यावर रबराचा तुकडा टाकलेला होता, गुळगुळीत, एक बी चिकटणार नाही असा, आणि दोघंजण बसतील एवढा. त्यावर पोस्टमनकाका बसले होते आणि शेजारी मावशी, जी या वाटेवर कधी बोलत नाही. मावशीच्या हातात संत्र्याची फोड होती. ती मान वाकडी करून, डोळे बारीक करून, भुवया नाचवत कुणाची तरी नक्कल करत होती: “पट्टीवर साहेबांचंच नाव येणार. पैज?” आवाज भाचीचा, हुबेहूब, शेवटच्या शब्दावरच्या आगाऊ हेलकाव्यासकट. पोस्टमनकाका हसून हसून डोळे पुसत होते.

भाची समोर उभी राहिली. उत्तरं तिच्याकडे एक सोडून तीन होती, मावशीच्या आवाजात, सर्दीसकट. पण वरचं फाटक अजून दीड किलोमीटर लांब होतं.

मावशीनं तिच्याकडे नीट, सरळ बघितलं, आणि उरलेली फोड तोंडात टाकली.